गौरव गुरूचा, वागणूक रोजंदारीची

गुरूचे स्तोत्र सार्वजनिक समारंभांतून म्हणत राहणे पुरेसे नाही. त्यावर खरोखर श्रद्धा असेल तर ती राष्ट्र आपल्या शिक्षकांना कसे वागविते यातून दिसली पाहिजे, या आशयाचे खडे बोल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सुनावले. प्रकरण गुजरातमधील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या कंत्राटी साहाय्यक प्राध्यापकांचे होते. तेच काम करणारा नियमित सहकारी महिन्याला लाखाहून अधिक वेतन घेत असता यांच्या हाती तीस हजार रुपये पडत होते. न्यायालयाने त्यांना त्या पदाची किमान वेतनश्रेणी देण्याचा आदेश दिला. गुरुपौर्णिमा साजरी करणाऱ्या समाजाला हे न्यायासनाकडून ऐकावे लागावे, ही काही भूषणावह गोष्ट नव्हे.

शिक्षकाच्या थोरवीचा उपयोग त्याला हक्क देण्यापेक्षा नाकारण्यासाठीच अधिक झाला आहे. गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, शिक्षणदान हे उदात्त व्रत असल्याने शिक्षक औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने 'कामगार' ठरत नाही. म्हणजे नोकरी गेली तरी कामगार न्यायालयाचे दार बंद! शिक्षकांना दाद मागता यावी अशी स्वतंत्र यंत्रणा असावी, असेही न्यायालयाने त्याच वेळी म्हटले होते. परंतु लक्षात राहिले ते फक्त व्रत. उपदानाचीही, म्हणजे ग्रॅच्युइटीची, तीच कथा. शिक्षक १९७२ च्या कायद्यातील व्याख्येत बसत नाहीत, असे २००४ मध्ये ठरले. संसदेने २००९ मध्ये दुरुस्ती करून १९९७ पासूनचा लाभ दिला, तर खासगी शाळांच्या चालकांनी त्या दुरुस्तीलाच आव्हान दिले. ते फेटाळले जाण्यास ऑगस्ट २०२२ उजाडावे लागले.

व्रताच्या नावाखाली राबवून घेण्याची ही रीत केवळ आपली नव्हे. 'सेन्सेई' या शब्दाला आजही मान असलेल्या जपानमध्ये १९७१ च्या कायद्याने सार्वजनिक शाळांतील शिक्षकांना जादा कामाचा मोबदला नाकारला आणि त्याऐवजी मूळ वेतनाच्या चार टक्के इतका ठोक भत्ता दिला. शाळेतील कामाचे तास वाढत गेले, टक्के मात्र अर्धशतक जागचे हलले नाहीत. अखेर २०२५ मध्ये कायदा बदलला. हा भत्ता टप्प्याटप्प्याने २०३१ पर्यंत दहा टक्क्यांवर जावयाचा आहे. तेथेही सार्वजनिक शाळांतील शिक्षकांना संपाचा अधिकार नाही.

जर्मनीचे उदाहरण अधिक विचार करण्याजोगे आहे. तेथील बहुसंख्य शालेय शिक्षक राज्याचे आजीव सेवक असतात आणि अशा सेवकाला संप करण्यास मनाई आहे. कामाच्या वेळेत संपात सामील झालेल्या काही शिक्षकांवर शिस्तभंगाची कारवाई झाली. ते घटना न्यायालयात गेले, २०१८ मध्ये हरले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले, डिसेंबर २०२३ मध्ये तेथेही सोळा विरुद्ध एक मताने हरले. संपाला नाके मुरडणाऱ्यांना हा निकाल फार सोयीचा वाटेल. पण तो पूर्ण वाचावा. न्यायालयाने मनाई ग्राह्य धरली याचे एक प्रमुख कारण असे की, या शिक्षकांना तहहयात नोकरीची हमी आहे, पदाला शोभेल अशा निर्वाहवेतनाचा घटनात्मक हक्क आहे, आणि राज्याने त्यात कसूर केली तर न्यायालयात जाऊन तो वसूल करता येतो. त्यांना संघटना बांधता येते, सेवाशर्तींचे नियम ठरविताना तिला आपली बाजू मांडता येते. शिवाय जे जर्मन शिक्षक केवळ करारावर नेमलेले आहेत, त्यांना संपाची मोकळीक आहे. राज्याने जेवढे घेतले तेवढे परत केले, असा हा व्यवहार आहे.

महाराष्ट्रात कायदा नाही असे कोण म्हणेल? खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा अधिनियम आहे, १९८१ ची नियमावली आहे, बडतर्फीविरुद्ध शाळा न्यायाधिकरण आहे. कागदावरचे हे संरक्षण भक्कम आहे. त्याच्या शेजारीच सन २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली आणि 'सेवक' या पवित्र शब्दाखाली तीन वर्षांची मानधनावरची उमेदवारी सुरू झाली. प्राथमिक शाळेतील शिक्षणसेवकाला २०२३ च्या आरंभापर्यंत महिना सहा हजार रुपये मिळत होते. नंतर ते सोळा हजार झाले. विनाअनुदानित शाळांत सही एका आकड्यावर आणि हाती दुसराच, ही तक्रार तर सर्वपरिचित आहे.

मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यातील कर्मचाऱ्यांसह शिक्षकही संपावर गेले, तेव्हा शालान्त परीक्षा चालू होत्या. परीक्षेच्या काळात वर्गाला पाठ फिरविणे शिक्षकास शोभले नाही, हे म्हणावेच लागेल. मात्र ते म्हणणाऱ्या शासनाने आणि संस्थाचालकांनी जर्मनीच्या तराजूतले दुसरे पारडेही पाहावे. राष्ट्रीय विचारांनी चालणाऱ्या शिक्षणसंस्थाही याला अपवाद नाहीत. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणारा तरुण शिक्षक त्यांच्याही वर्गांत उभा आहे, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला वेतन नसते.