हट्ट नव्हे, अडचण

मिक्सर सुरू होताच कान झाकणारे, कपड्याची शिवण टोचते म्हणून रडणारे मूल चारचौघांत हट्टी ठरते. वस्तुतः स्पर्श, ध्वनी, हालचाल यांची जुळणी त्याच्या मेंदूला अवघड जात असू शकते. अमेरिकेतील ऑक्युपेशनल थेरपिस्ट ए. जीन एअर्स यांनी १९७२ च्या ग्रंथात हा विचार विस्ताराने मांडला.

घरी कणीक मळू द्यावी, धान्याची छोटी पिशवी उचलून ठेवू द्यावी. स्नायू-सांध्यांवरील दाबाने अनेक मुले शांत होतात. परातीतील तांदळात हात फिरवताना मोठ्यांनी जवळ बसावे. मिक्सर लावण्यापूर्वी मुलाला सांगावे. हात मागे घेतल्यास सक्ती नको. दैनंदिन व्यवहार अडत असल्यास तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. लग्नघरी पाहुण्यांसमोर दटावण्यापूर्वी एवढे स्मरावे.