कारखान्यातली सिस्टर फक्त पट्टीपुरती नको

मेडिकल वॉर्ड सोडून कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत रुजू झाले, तेव्हा सोबतच्या सिस्टर म्हणाल्या, "सुटलीस बाई! नाइट नाही, पेशंट नाहीत." नाइट खरंच नाही. पण इथे रोज भेटणारी माणसं उद्या वॉर्डात भरती होऊ नयेत, हे माझं काम आहे आणि तेही नर्सिंगच आहे.

वॉर्डात धाप लागलेले कामगार पुष्कळ पाहिले. केसपेपरवर व्यवसाय म्हणून बहुतेक वेळा 'मजुरी' एवढंच असायचं. कसली मजुरी, कुठल्या खात्यात, किती वर्षं? शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्री-पट्ट्यात हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. साच्याच्या वाळूत सिलिका असते. ओतकाम झाल्यावर साचा फोडताना आणि फेटलिंगला, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करताना, तिची धूळ उडते. डोळ्यांना दिसते ती बरीचशी नाका-घशात अडते. दिसत नाही ती फुप्फुसात खोल जाऊन बसते. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. त्याने क्षयाचा धोका वाढतो, शिवाय एक्स-रेवर दोन्हींची गल्लतही होते. मग माणूस टीबीच्या गोळ्या घेतो आणि जरा बरं वाटलं की पुन्हा त्याच धुळीत जाऊन उभा राहतो.

कानाचंही तसंच. फेटलिंगचे एक मामा रात्रपाळी संपवून थेट ऑडिओमेट्रीला, म्हणजे कानाच्या तपासणीला, आले. मी त्यांना परत पाठवलं. आवाजातून आलेला कान काही तास बधिर असतो, त्या वेळचा आलेख खरा नसतो. साप्ताहिक सुट्टीनंतर, कामावर जायच्या आधी बोलावलं. दोन हजार हर्ट्झपर्यंत रेघ ठीक चालली, चार हजारावर एकदम घसरली, आठ हजारावर जरा वर आली. आवाजाने गेलेल्या कानाची ही ठरलेली खूण. मामांना बोलणं ऐकू येत होतं. "कानात शिट्टी वाजते, बाकी काय नाही," म्हणाले. आठ तासांच्या पाळीला 90 डेसिबलची मर्यादा आहे. मामांचं नाव न घेता मी सेफ्टी ऑफिसरना त्या ग्राइंडरपाशी आवाज मोजायला लावला. रिपोर्ट मामांचा आहे, तो एचआरच्या टेबलावर जाता कामा नये. कारखान्याला कळायला हवं ते एवढंच, की त्या जागेचा आवाज कमी करा.

हे काम दवाखान्याच्या खोलीत बसून होत नाही. 1878 साली इंग्लंडात नॉर्विचच्या कोलमन या मोहरीच्या कारखान्याने फिलिपा फ्लॉवरडे या नर्सला नेमलं, तेव्हा ती दवाखान्यात डॉक्टरांना मदत करायचीच, शिवाय आजारी कामगारांच्या घरीही जायची. आपल्याकडे मात्र आजही सिस्टरने पट्टी बांधावी, गोळी द्यावी, रजिस्टर भरावं, एवढीच अपेक्षा.

सिलिकोसिस आणि आवाजाने येणारा बहिरेपणा, दोन्ही कायद्याने कळवायच्या आजारांच्या यादीत आहेत. डॉक्टरने ते कळवायचे असतात. पण डॉक्टरपर्यंत ते पोचवणार कोण? रोज कामगारांत असते ती सिस्टरच. कारखान्याच्या डॉक्टरांसाठी इंडस्ट्रियल हेल्थचा खास कोर्स आहे, मुंबईत सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत तो शिकवतात. तसंच प्रशिक्षण नर्सला सक्तीचं करा. वॉर्डातली नजर इथे कामाला येते, पण धूळ कशी मोजायची, मशीनपाशी काय पाहायचं, हे वॉर्ड शिकवत नाही.

आणि सगळ्यात मोठी अडचण वेगळीच आहे. अँब्युलन्स रूम आणि तिथे नर्सिंग स्टाफ ठेवायची सक्ती पाचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना आहे. छोट्या फाउंड्रींना ती लागू होत नाही. धूळ मात्र तिथेही तीच. एकेकट्याला पगार परवडत नसेल, तर एमआयडीसीतल्या शेजारच्या दहा-बारा युनिटनी मिळून एक सिस्टर नेमावी. उद्योजकांच्या संघटनांनी हे मनावर घ्यावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.