डिस्चार्जनंतरचा सोळावा दिवस

पोस्ट लांब आहे. पित्ताशयाच्या कॅन्सरबद्दल आहे. घरात कुणाला हा आजार नसला तरी वाचा, कारण यातला निम्मा भाग आपल्या जिल्ह्याच्या कारभाराबद्दल आहे.

आधी एका शब्दाबद्दल बोलू. 'पित्त' या शब्दाने आपल्याकडे फार घोटाळा करून ठेवलाय. छातीत जळजळलं, पित्त झालं. डोकं दुखलं, पित्त चढलं. अंगाला खाज सुटून चट्टे आले, तेही पित्तच. आणि उजव्या बरगडीखाली दुखून ती कळ पाठीत, खांद्यापर्यंत जायला लागली तरी मेडिकलमधून येते ती पित्ताची गोळी. बायकांच्या बाबतीत तर हमखास. "वेळेवर जेवत नाही, उपास करते, म्हणून होतंय" असं घरातलेच ठरवून मोकळे होतात. सोनोग्राफी करायला सहा महिने जातात. आणि हा कॅन्सर पुरुषांपेक्षा बायकांमध्येच जास्त आढळतो.

ज्यांना पित्ताशयात खडे आहेत त्यांनी लगेच घाबरून जाऊ नका. खडे असलेल्या बहुतेकांना हा कॅन्सर कधीच होत नाही. देशात याचं प्रमाण उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, आसाम या पट्ट्यात जास्त आहे, आपल्याकडे त्या मानाने कमी. पण कमी असल्यामुळेच आपल्याकडे तो कुणाच्या डोक्यात येत नाही.

हा आजार साधारण दोन दारांनी घरात येतो.

पहिलं दार खड्यांच्या ऑपरेशनचं. दुर्बिणीने पिशवी काढली, तिसऱ्या दिवशी पेशंट घरी. नातेवाइकांना बाटलीत खडे भरून देतात, आपणही ते पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. पण त्या पिशवीचं काय झालं हे कुणी विचारत नाही. काढलेली पिशवी तपासायला पाठवलीच पाहिजे. काही वेळा कॅन्सर फक्त त्या रिपोर्टमध्येच सापडतो. सोनोग्राफीत दिसत नाही, ऑपरेशन करणाऱ्यालाही दिसत नाही. अगदी वरच्या थरापुरता असेल तर झालेलं ऑपरेशन पुरेसं असतं. भिंतीत आणखी आत गेला असेल तर बहुतेकदा दुसरं ऑपरेशन लागतं: पिशवीला लागून असलेला यकृताचा भाग आणि आजूबाजूच्या गाठी काढाव्या लागतात. हे वेळेत झालं तर माणूस बरा होऊ शकतो. म्हणून तो रिपोर्ट म्हणजे उपचारातली सगळ्यात महत्त्वाची चिठ्ठी.

आमच्या मावशीच्या वेळी पिशवी तपासायला गेली होती, हे नशीब. पण रिपोर्ट येऊन काउंटरच्या ड्रॉवरमध्ये पडून होता. ना फोन, ना निरोप. टाके काढायला गेल्यावर मावसभावाने सहज विचारलं म्हणून तो हातात आला. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण हे एकाच ठिकाणी होतं असं नाही. बिल कमी करा म्हटलं की सगळ्यात आधी बायोप्सीच कापली जाते, असंही होतं. तेव्हा खड्यांचं ऑपरेशन करून घेताना दोन प्रश्न विचाराच: पिशवी तपासायला पाठवणार ना? आणि रिपोर्ट कोणत्या तारखेला मिळेल?

दुसरं दार काविळीचं. इथं आपण आणखी वेळ घालवतो. चुन्याच्या पाण्याने हात धुऊन पिवळं पाणी काढणारे, गळ्यात माळ घालणारे, नाकात थेंब सोडणारे दर दहा कोसांवर आहेत. विषाणूमुळे झालेली कावीळ बहुतेक वेळा आपोआप उतरते आणि श्रेय माळेला जातं. पण पित्ताचा मार्गच गाठीने अडला असेल तर माळ काय करणार? अंगाला खाज, लघवी गडद, शौच पांढरट मातकट, वजन उतरतंय, आणि कावीळ हटत नाही: अशा वेळी सोनोग्राफी आधी, बाकी सगळं नंतर. या दाराने येणाऱ्या बऱ्याच पेशंटचं ऑपरेशन होऊ शकत नाही. हे कटू आहे, पण लपवण्यात अर्थ नाही.

आता मुद्द्यावर येतो. निदान झालं की घरात गर्दी होते. "धीर सोडू नका", "पॉझिटिव्ह राहा", "तुम्ही फायटर आहात". व्हॉट्सॲपवर गोमूत्रापासून सीताफळाच्या पानांपर्यंत सगळं येतं. माझं मत असं की पेशंटला धिराची कमतरता क्वचितच असते. कमतरता असते ती माहितीची आणि जवळच्या सोयीची. ज्या बाईने दुष्काळात घर चालवलं तिला आपण काय धीर शिकवणार? तिला हे सांगणारं कुणीतरी हवं असतं की पोटातल्या नळीतून आज पाणी कमी का आलं.

नळीचंच घ्या. कावीळ उतरवायला तोंडातून दुर्बीण घालून स्टेंट बसवतात, किंवा बरगडीच्या बाजूने कातडीतून यकृतात नळी घालून बाहेर पिशवी जोडतात. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत तुंबायला लागतो, तो बदलावा लागतो. हे किती घरांना स्पष्ट सांगितलं जातं? बाहेरच्या पिशवीत रोज किती पित्त आलं ते मोजून वहीत लिहायचं असतं, पिशवी कमरेच्या खाली ठेवायची असते, शरीरातलं पाणी आणि क्षार त्यातून जातात म्हणून त्याची भरपाई डॉक्टरांना विचारून करायची असते. थंडी वाजून ताप आला, किंवा पित्त एकदम थांबलं, किंवा रक्त दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. आपल्या गल्लीतल्या एक काकू पदराखाली ती पिशवी धरून एसटीने तीस किलोमीटर जायच्या, कारण गावात ड्रेसिंग बदलायला कुणी हात लावत नव्हतं. प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, नर्सताई आहेत, इमारतीला नवा रंग दिलाय. पण "हे आमच्याकडे नसतं".

केमोचंही तसंच. या आजारात नेहमी दिली जाणारी जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन ही जोडी 21 दिवसांच्या चक्रात पहिल्या आणि आठव्या दिवशी देतात. आठ चक्रं झाली तर सोळा फेऱ्या. सोलापूरहून रात्री सिद्धेश्वर पकडायची, पहाटे दादरला उतरायचं, परळला रांग, आणि उलट्या होत असताना परत. रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचारासाठी स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एकाला 75 टक्के. हॉस्पिटलकडून फॉर्म भरून घ्यावा लागतो. अनेक जण हे माहीत नसल्याने पूर्ण तिकीट काढतात. मुक्कामाला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती या जागा वर्षानुवर्षं आधार देत आल्यात, पण तिथंही जागा मिळणं सोपं नाही. आणि मूळ प्रश्न असा की उपचार ठरवायला मुंबईला जावं लागलं तरी प्रत्येक सलाईनसाठी का जावं? 2012 साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडचा उद्देशच हा आहे की उपचाराची पद्धत सगळीकडे एकसारखी असावी. आपल्या जिल्ह्यात तर बार्शीला कॅन्सर हॉस्पिटल आहे, आणि देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी तिथंच 1987 साली सुरू झाली. म्हणजे पाया आपल्याकडे आहे. पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारा, "पुढचे डोस जवळ घेता येतील का?" बऱ्याचदा उत्तर हो असतं.

केमोने काय होतं, असं विचारणाऱ्यांसाठी. दिल्लीच्या एम्सने ऑपरेशन न होऊ शकणाऱ्या पेशंटवर केलेली एक चाचणी 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. फक्त आधाराचे उपचार घेणाऱ्यांचं मध्यम आयुष्य साडेचार महिने होतं, केमो घेणाऱ्या एका गटात ते साडेनऊ महिने झालं. दुप्पट म्हणा, किंवा पाच महिने म्हणा. पाच महिन्यांत मुलीचं लग्न होतं, नातू बारावी होतो. घ्यायचे की नाही हे पेशंटने ठरवावं. पण त्यासाठी पेशंटला माहीत तर पाहिजे!

आपल्याकडे हीच मोठी अडचण आहे. "आईला सांगू नका, खचेल." मग तिला सांगतात की पित्ताशयाला सूज आहे. केस गळतात, वजन उतरतं, मुलं कोपऱ्यात फोनवर कुजबुजतात, आणि तिला काहीच कळत नाही असं आपण समजतो. तिला सगळं कळतं. फक्त ती बोलत नाही, कारण तुम्ही बोलत नाही. शिवाय ज्याला आजार माहीत नाही तो तापही लपवतो. केमो चालू असताना ताप 100.4 च्या वर गेला तर ती इमर्जन्सी असते, साधी तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघायची नसते. मावशीला सगळं सांगितलं होतं म्हणून रात्री अकराला तिनेच उठवलं.

ऑपरेशननंतर तिला सहा महिने कॅपेसिटाबिनच्या गोळ्या होत्या. गोळ्याच आहेत म्हणून सगळे निर्धास्त. पण या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होतात, सोलवटतात. भाकरी थापणाऱ्या आणि खुरपं धरणाऱ्या बाईसाठी याचा अर्थ काय होतो? गरम पाणी नको, हाताला सतत क्रीम, आणि फोड आले तर डॉक्टरांना सांगून डोस कमी करून घ्यायचा. सहन करत राहण्यात शौर्य नाही. मावशी शेवटी काकांना भाकरी थापायला शिकवून मोकळी झाली. नकाशे होतात, पण होतात.

जेवणाचं तर विचारू नका. शेजारणी पथ्याची यादी घेऊन येतात: साखर बंद, दूध बंद, अंडं बंद, तेल बंद, डाळ जड. राहिलं काय? पातळ पेज. पेशंट कॅन्सरआधी उपाशीपोटीच खंगतो. पित्ताशय काढल्यावर एका वेळी खूप तेलकट नको, एवढं खरं. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि त्यात डाळ, दही, अंडं असू द्या. कुस्करलेल्या भाकरीवर चमचाभर आपली शेंगा चटणी चालत असेल आणि तोंड आलं नसेल तर तीही खाऊ द्या. आणि सीए 19-9 च्या आकड्याकडे बघत झोप उडवू नका. कावीळ असतानाही तो वाढतो, एका आकड्यावर काही ठरत नाही.

वेदनेबद्दल बोलायला लोक घाबरतात. मॉर्फिन म्हटलं की "म्हणजे आता संपलंच का?" असं विचारतात. तसं नाही. ते वेदनेचं औषध आहे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वर्षभरही देता येतं, आणि गोळ्या महाग नाहीत. 2014 साली कायद्यात बदल होऊन ती मिळण्याची प्रक्रिया सोपी झाली. तरी तालुक्यात विचारून बघा, कुठे मिळतात ते. केरळने 2008 साली धोरण करून पंचायतीमार्फत नर्स घरापर्यंत पोचवली. आपण घरापर्यंत काय पोचवलं? दिवाळीच्या शुभेच्छांचे फ्लेक्स.

आता कारभाराचा हिशोब. ऑपरेशन आणि केमो महात्मा फुले योजनेत किंवा आयुष्मान भारतमध्ये बसू शकते, आरोग्यमित्राला भेटा, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. योजनेने खरंच हजारो घरं वाचलीत, हे मान्य करायलाच हवं. पण आयुष्मान भारतमध्ये डिस्चार्जनंतरचा खर्च 15 दिवसांपर्यंत धरलेला आहे. सोळाव्या दिवशी नळी तुंबली नाही तरी ड्रेसिंग लागतं, पिशवी बदलावी लागते, गाडीभाडं लागतं, सोबत जाणाऱ्याचा रोज बुडतो. हा आजार मुख्यतः सोळाव्या दिवसानंतरच काढायचा असतो.

2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सगळ्या जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत डे केअर कॅन्सर सेंटर करण्याची घोषणा झाली आहे. चांगली आहे. आपल्याकडे ते होईल तेव्हा ती फक्त सलाईन लावायची चार खाटांची खोली होऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे. तिथं नळीची काळजी घेणारी प्रशिक्षित नर्स हवी, मॉर्फिनचा साठा हवा, आहाराचं सांगणारं कुणी हवं, आणि रात्री ताप आला तर उचलला जाणारा एक फोन हवा. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या एकेका नर्सला ड्रेसिंगचं प्रशिक्षण द्यायला इमारत लागत नाही, टेंडर लागत नाही. कदाचित म्हणूनच होत नसेल.

याच मागण्यांचं निवेदन जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा नियोजन समितीच्या सदस्यांना देतोय. ज्यांच्या घरी पित्ताशयाचा किंवा दुसरा कुठलाही कॅन्सर होता किंवा आहे, त्यांनी इनबॉक्समध्ये एवढंच कळवा: ड्रेसिंगसाठी किती लांब जावं लागलं, केमो कुठे घेतली, वेदनेची गोळी कुठे मिळाली. पेशंटचं नाव नको. फक्त तालुका आणि किलोमीटर लिहा.