लिलाव की सबमिशन?

आमच्या विंगमधला एक रेडर महिनाभर एकच प्रश्न विचारतोय : प्रो कबड्डीच्या ट्रायल्सला जाऊ की सबमिशन पूर्ण करू? मेसमध्ये प्रत्येकाकडे उत्तर तयार, "आधी डिग्री घे रे बाबा!" मला हे पटत नाही.

2023 च्या लिलावात सगळ्यात खालच्या ड गटाची मूळ किंमतच 9 लाख होती. आपल्या कोल्हापूरकडचा सिद्धार्थ देसाई 2018 मध्ये यू मुंबाकडे 36.40 लाखांना गेला आणि पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने 1.45 कोटी मोजले! बरं, कॉलेजातून तिकडे वाटही आहे. 2022 च्या लिलावात खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतल्या अव्वल दोन संघांचे 24 खेळाडू होते. पण तिथे पोचायला आंतरविद्यापीठ खेळावं लागतं, आणि त्याला वयाची मर्यादा 25. डिग्री, नोकरी, "मग बघू" म्हणेपर्यंत दार बंद.

अर्थात, लिलावात नाव असलं म्हणजे बोली लागतेच असं नाही. गुडघा गेला तर कुणी विचारत नाही. म्हणून डिग्री सोड असंही मी म्हणणार नाही. पण 2024 चा हंगाम 18 ऑक्टोबर ते 29 डिसेंबर, 2025 चा 29 ऑगस्ट ते 31 ऑक्टोबर. दोन्ही नेमके ऑड सेममध्ये! 75 टक्के हजेरी आणायची कुठून? सरांना एवढीच विनंती, अशा पोराला डिटेन करण्याऐवजी त्याची प्रॅक्टिकल्स पुढच्या सेममध्ये घ्या.

परवा तो मारुती मंदिरच्या स्टेडियमवरून सराव करून आला आणि तसाच जर्नल लिहायला बसला. कोपर सोललेलं. अर्धं जर्नल मीच लिहून दिलं (हे वाक्य सरांनी वाचू नये).