टाळ्या वाजवणारे हात

किरनापूर हे बालाघाट जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. राज्य मध्य प्रदेश, पण गोंदिया शेजारीच. त्यामुळे हिंदी, पोवारी आणि मराठी तिथे एकाच बाजारात आणि पुष्कळदा एकाच माणसाच्या तोंडी ऐकू येतात. गोंदियाजवळ बिरसीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली धावपट्टी आहे. आता तिथे नागरी वैमानिक तयार होतात. 18 मार्च 2023 रोजी बिरसीहून निघालेले एक शिकाऊ विमान किरनापूर भागातल्या भक्कुटोला गावाजवळ, डोंगराळ जंगलात कोसळले. प्रशिक्षक आणि शिकाऊ वैमानिक तरुणी, दोघेही गेले. देशभरच्या वर्तमानपत्रांत किरनापूरचे नाव छापून आले ते त्या दिवशी.

हे आठवायचे कारण अगदी उलटे आहे. नवऱ्याच्या छातीवर वैमानिकाचे पंख लागले म्हणून आनंदाने रडणाऱ्या, त्याच्या गळ्यात पडणाऱ्या फौजी बायकांचे फोटो अधूनमधून पाहायला मिळतात. त्याखाली कोणीतरी हमखास लिहितो, "एवढे प्रदर्शन कशाला?" मला हा प्रश्न खटकतो.

आधी थोडे समजून घेऊ. हैदराबादजवळ दुंडीगलच्या हवाई दल अकादमीतून जे वैमानिक बाहेर पडतात ते अविवाहित असतात, कारण कॅडेटला प्रशिक्षणकाळात लग्न करता येत नाही. तिथे कौतुकाला असतात आईवडील. पण आपल्या नाशिकला चित्र वेगळे आहे. तिथल्या कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूलमध्ये भूदलाचे वैमानिक घडतात, आणि तिथे येणारे अनेकजण आधीच अधिकारी झालेले असतात. पायदळात, तोफखान्यात काही वर्षे काढलेली, संसार मांडलेला, कधी एखादे मूलही झालेले. म्हणजे नवरा पुन्हा विद्यार्थी होतो आणि बायको पुन्हा बिऱ्हाड बांधते. पहाटेचे उड्डाण असेल तर तिचीही झोप मोडते. परीक्षेत नापास होऊन माघारी जाण्याची भीती त्याच्याइतकीच तिलाही असते. पंख त्याच्या एकट्याच्या छातीवर लागतात हे खरे, पण त्या समारंभात ती काही नुसती पाहुणी नसते.

(आणि "ती"च का म्हणायचे? 25 मे 2022 रोजी याच नाशिकला कॅप्टन अभिलाषा बराक यांना 36 वैमानिकांबरोबर पंख मिळाले. भूदलाच्या त्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक. पुढेमागे तिथे टाळ्या वाजवायला नवरेही बसतील, आणि त्यांना कोणी प्रदर्शनाचा प्रश्न विचारणार नाही.)

आपल्या भाषेत तिच्यासाठी शब्द कोणता? वीरपत्नी. हा शब्द आपण केव्हा वापरतो ते आठवून पाहा. नवरा गेल्यावर. निरोपाचे औक्षण आपल्याला ठाऊक आहे आणि शवपेटीपुढचा नमस्कारही. या दोहोंमधल्या सगळ्या वर्षांत तिला आपण "मिसेस अमुक" म्हणतो आणि विसरून जातो. म्हणून तिचे हसणे आपल्याला उगीच जास्त वाटते.

आम्हा गोवेकरांना हे कळायला हवे होते. दाबोळीची धावपट्टी आम्ही नौदलाबरोबर वाटून घेतो. वास्कोत जेटचा आवाज आला की बोलणारा माणूस क्षणभर थांबतो आणि तेच वाक्य पुढे चालू करतो. आयएनएस हंसावरच्या कमांडर निशांत सिंग यांनी मे 2020 मध्ये लग्नाची परवानगी मागणारे पत्र वरिष्ठांना लिहिले होते. वैमानिकी भाषेतल्या विनोदांनी भरलेले, आणि वरिष्ठांनी तशाच थट्टेत मंजूर केलेले. लॉकडाऊनच्या दिवसांत त्यावर सारा देश हसला. 26 नोव्हेंबर 2020 रोजी त्यांचे मिग-29के जातीचे प्रशिक्षण विमान अरबी समुद्रात पडले. बरोबरचा वैमानिक वाचला, त्यांचा मृतदेह अकरा दिवसांनी सापडला. तेच पत्र पुन्हा एकदा सगळीकडे फिरले, तेव्हा ते वाचून कोणाला हसू आले नाही. लग्नाला सहा-सात महिने झाले होते.

हे सगळे ठाऊक असूनही त्या बाया टाळ्या वाजवतात. भाबडेपणाने नव्हे. याचा पुरावा हवा असेल तर तो मराठी आहे. 2014 साली बरेलीत चीता हेलिकॉप्टर कोसळून भूदलाचे तीन अधिकारी गेले. त्यानंतर अॅडव्होकेट मीनल वाघ-भोसले यांच्या पुढाकाराने लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नी एकत्र आल्या. चीता आणि चेतक ही फ्रेंच आराखड्याची, साठ-सत्तरच्या दशकांत भारतात बनू लागलेली यंत्रे. ती आता सेवेतून काढा, एवढीच त्यांची मागणी. मार्च 2015 मध्ये त्या संरक्षणमंत्र्यांना भेटल्या. मंत्री होते आमचे मनोहर पर्रीकर.

फौजेत बायकोने असे बोलणे सोपे नसते. नवऱ्याच्या नोकरीचे काय, बढतीचे काय, पलटणीतल्या इतर बायका काय म्हणतील, हे सारे मागे उभे असते. तरी त्या बोलल्या. मला त्यांच्यात आणि नाशिकच्या मैदानावर फुले घेऊन उभ्या असलेल्या बाईत फरक दिसत नाही. ज्या यंत्रावर शिकून नवऱ्याने पंख मिळवले त्याचे वय तिला माहीत असते. त्या दिवशी ती त्याबद्दल बोलत नाही इतकेच. यश यशाच्या दिवशी साजरे करायचे नाही तर कधी? आणि प्रश्न विचारायचाच असेल तर तो तिला गळ्यात पडण्याबद्दल का विचारायचा? 2025 सालीही चीता-चेतक उडत होती. तो विचारा, आणि योग्य त्या दाराशी जाऊन विचारा.

आमच्या वर्तमानपत्रांकडे एक छोटेसे मागणे आहे. पंख मिळाल्याचा फोटो छापाल तेव्हा खाली "पत्नीसह" असे न लिहिता तिचे नाव लिहा. ते विचारायला एक मिनिट लागते, आणि त्या दिवशी ती आनंदाने सांगेल.