बाजारातली माटवी

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. दहावीला मराठीचा पेपर माझा असायचा आणि टेन्शन आईला! त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. पण हाच लेख इंग्रजी विभागात दिला असता तर 'माटवी'साठी शब्दच सापडला नसता, म्हणून इथे लिहिते आहे.

माटवी म्हणजे काय, ते आधी घाटावरच्या आणि विदर्भातल्या दोस्तांसाठी सांगते. सिंधुदुर्गात गणपतीच्या मूर्तीच्या वर एक लाकडी चौकट टांगतात. तिला आंब्याचे टाळ, नारळ, सुपारीचा शिपटा, तवसं, तोरिंजन असं घरचं सामान बांधतात आणि सोबत रानातलं: कांगले, कवंडळाची लाल फळं, कळलावीची फुलं, शेरवडाची पांढरी पानं, तेरडा. गोव्यात हिलाच माटोळी म्हणतात आणि तिथे सरकारचं कला व संस्कृती खातं तिच्या स्पर्धासुद्धा घेतं.

आमचं घर डिलाईल रोडला. पाटीवर ना. म. जोशी मार्ग लिहिलेलं असलं तरी आमच्याकडे सगळे डिलाईल रोडच म्हणतात. आजोबा कणकवली तालुक्यातून इथे आले आणि गिरणीत साचे खात्यात लागले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. आजोबा गावी परत गेले आणि त्यांनी जोत धरलं. बाबा मुंबईत राहिले. म्हणजे आम्ही झालो चाकरमानी आणि शेत राहिलं आजोबांकडे, आता काकांकडे.

गेल्या वर्षी गणपतीला गावी गेलो. माटवीचं सामान आणणं हे पोरांचं काम. मी आणि चुलतभाऊ पिशवी घेऊन निघालो. पूर्वी हे काम अर्ध्या तासात व्हायचं. या वेळी दोन तास फिरलो आणि हाती आले फक्त ओरखडे. भाताच्या बांधावर जिथे गुडघाभर तेरडा असायचा तिथे सगळं पिवळं पडलेलं. काकांनी जुलैमध्ये तणनाशक मारलं होतं. वरकस जमिनीत, जिथे आजोबा नाचणी आणि वरी करायचे, तिथे काजूची कलमं रांगेत उभी, खाली एकही रोप नाही. तिसरा कोपरा काही वर्षं पड आहे, तिथे रानमोडी इतकी माजली आहे की आत शिरताच येईना.

शेवटी काकांनी कणकवलीच्या बाजारातून माटवीच्या बांधलेल्या जुड्या आणल्या. अगदी तशाच जुड्या दोन दिवसांपूर्वी मी आमच्या डिलाईल रोडच्या फुटपाथवर पाहिल्या होत्या. आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "मगे मुंबयसूनच आणूचा व्हता!" सगळे हसले. मला मात्र ते लागलं.

मुंबईला परत आल्यावर आणि मग हॉस्टेलवर आल्यावर मी या विषयावर थोडं वाचलं. (सबमिशन सोडून बाकी सगळं वाचायला आपल्याला वेळ असतोच.) इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड नावाची एक शेती संशोधन संस्था आहे. तिथे एका गवताळ कुरणाचे तुकडे पाडून १८५६ पासून प्रयोग चालू आहे. सगळ्या तुकड्यांवरचं गवत दरवर्षी कापतात, पण काही तुकड्यांना खत घालतात, काहींना अजिबात नाही. ज्यांना काही घातलं नाही, तिथे आजही चाळीसच्या आसपास जातींच्या वनस्पती आहेत. ज्यांना अमोनियाचं खत भरपूर घातलं आणि ज्यांची माती त्यामुळे आंबट झाली, तिथे जेमतेम दोन-तीन जातींचं गवत उरलं आहे. कारण सोपं आहे. भरपूर नत्र मिळालं की एक-दोन दांडगी गवतं भराभर वाढतात आणि बाकीच्यांचं ऊन अडवतात. आंबट मातीत तर बहुतेक जाती टिकतच नाहीत.

पण यातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या बिनखताच्या तुकड्यांत विविधता टिकली, कारण तिथलं गवत दरवर्षी कापलं गेलं. कापलं नसतं तर तिथे झुडपं आणि मग झाडं आली असती. म्हणजे विविधता 'निसर्गावर सोडून दिल्याने' आलेली नाही. ती विळ्याने राखलेली आहे.

आता हेच आमच्या बांधाला लावून पाहा. आजोबांच्या गोठ्यात गुरं होती. पावसात आजी रोज बांधावरचं हिरवं गवत थोडं थोडं कापून आणायची, उरलेलं दसऱ्यानंतर कापायचे. त्यामुळे दांडगं गवत कधी माजलं नाही आणि तेरड्याला ऊन मिळत राहिलं. तेरडा जूनमध्ये उगवतो, गणपतीत फुलतो, नंतर त्याच्या शेंगा तडकून बी जमिनीत पडतं. गुरं विकली, मग गवत कापायचं कारणच संपलं. आता एक तर बांध माजतो, नाही तर जुलैमध्ये फवारणी होते. फवारणी झाली की तेरडा बी धरायच्या आधीच मरतो. असं चार-पाच वर्षं लागोपाठ झालं की मातीतलं बीही संपत जातं.

वरकसाचंही तसंच. १९९० पासून सरकारने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेला जोडली आणि कोकणात आंबा-काजू पसरला. त्याने घराघरात पैसा आला, ते नाकारण्यात अर्थ नाही. माझ्या पहिल्या वर्षाच्या फीमध्येही काजूचे पैसे आहेत. पण वेंगुर्ला ४ किंवा वेंगुर्ला ७ चं प्रत्येक कलम ही एकाच झाडाची झेरॉक्स असते. नाचणीच्या शेतात नाचणीबरोबर चवळी असायची, कडेला कुरडू, पहिल्या पावसात टाकळा. झेरॉक्सच्या रांगेखाली यातलं काही राहू देत नाहीत. भाताचंही तेच, वालय आणि सोरटी हे तांबडे भात आजीच्या बोलण्यात आहेत, शेतात नाहीत.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, काका चुकले. मलाही तेच वाटलं होतं आणि मी त्यांना तसं बोलूनही दाखवलं. काका शांतपणे म्हणाले, "गो बाय, बेणूक माणसा खंय गावतत? तू येतंस काय बेणूक?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माझी रूममेट यवतमाळची, घरी कापूस आणि सोयाबीन. तिला हे सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. म्हणाली, "तुम्हाला फुलं पाहिजेत. माझी आई उन्हात वाकून वाकून निंदण करायची, तिची कंबर गेली. तणनाशक आलं तेव्हा ती पहिल्यांदा दुपारी घरी बसली." हे ऐकल्यावर माझा लेख अर्धा बदलला. ज्या विविधतेबद्दल आपण हळहळतो ती बऱ्याच अंशी बायकांच्या फुकटच्या कष्टांतून टिकली होती. ते कष्ट परत आणा असं म्हणायचा मला काही अधिकार नाही, कारण मी स्वतः एक बांध कधी कापलेला नाही.

मग माझं म्हणणं काय? एवढंच, की तणनाशक विरुद्ध कंबर असे दोनच पर्याय मांडले जातात, आणि तिसरा शोधणं हे आपलं काम आहे. भाताच्या रोपांच्या ओळींतून ढकलायचा कोनोवीडर आहे, पण आमच्या छोट्या कोपऱ्यांच्या चिखलात तो एकट्या बाईला ढकलून पाहू दे. पेट्रोलचा ग्रास कटर आहे, पण खांद्याला लावून बांधाच्या उतारावर दोन तास चालवून पाहा. आपल्याकडे दरवर्षी फायनल इयरला काळ्या पट्टीवरून चालणारे रोबो बनतात, व्हायवा झाला की ते कपाटात जातात. बांधावर चालेल असं हलकं गवत कापायचं यंत्र कुणी का करत नाही? मेकॅनिकलवाल्यांनो, हे तुम्हाला उद्देशून आहे!

आणि चाकरमान्यांनी काय करावं? राहीबाई पोपेरे यांनी अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याला गावरान वाणांची बियाणं जपली, त्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. बियाणं असं घरात जपता येतं, बांध मात्र जागेवरच जपावा लागतो आणि त्याला मजुरी लागते. आम्ही मुंबईकर गणपतीला गावी जाऊन 'पूर्वीसारखं राहिलं नाही' म्हणतो आणि चार दिवसांनी काजू घेऊन परत येतो. ती मजुरी आम्ही का देऊ नये?

यंदा आमच्या घरी एक तह झाला आहे. काजूच्या बागेत काका त्यांना हवं ते करतील. भाताच्या बांधांवर आणि वईच्या कडेला फवारणी नाही. तिथलं गवत गणपतीनंतर, तेरड्याने बी टाकल्यावर, माणूस लावून कापायचं. त्याचे पैसे बाबा पाठवणार आणि माझ्या पॉकेटमनीतून थोडे कापणार. काकांनी 'बघूया' म्हटलंय. मातीत बी शिल्लक असेल तर तेरडा येईल. आणि या वेळी मी मे महिन्यातच जाते आहे, बेणायला. किती वेळ टिकते ते पुढच्या अंकात कळवीन.