हिरव्या पाण्यावर मोरचूद हा उतारा नव्हे



उन्हाळ्यात धरण-तलावांच्या पाण्यावर हिरवा दाट थर साचू लागला की ‘शेवाळ धरले’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष केले जाते, आणि दुर्गंधीच्या तक्रारी वाढल्याच तर पाण्यात मोरचूद टाकून वा नागरिकांना पाणी उकळून पिण्याचा सल्ला देऊन प्रश्न मिटल्याचे मानले जाते. हे दोन्ही उपाय या बाबतीत अपुरे आहेतच, शिवाय मोरचूद अवेळी टाकल्यास अपाय वाढतो, ही गोष्ट पाणीपुरवठा यंत्रणांनी गांभीर्याने लक्षात घ्यायला हवी.

असा थर बहुधा सायनोबॅक्टेरियांचा, म्हणजे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणाऱ्या नील-हरित जीवाणूंचा असतो. त्यांच्या काही प्रजाती मायक्रोसिस्टिन हे विष तयार करतात. ते यकृताच्या पेशींत शिरून तेथील प्रथिनांचे नियमन करणारी विकरे निकामी करते, त्यामुळे पेशींचा अंतर्गत सांगाडा ढासळतो आणि तीव्र विषबाधेत यकृतातच रक्तस्राव होतो. ॲनाटॉक्सिन हे दुसरे विष मज्जातंतूंकडून स्नायूंना मिळणाऱ्या संदेशात बिघाड घडवते, आणि असे पाणी प्यालेली जनावरे श्वसनाचे स्नायू लुळे पडून अल्पावधीत दगावतात.

मोरचुदाचा धोका ऑस्ट्रेलियातील पाम बेटावर १९७९ साली दिसून आला. तेथील धरणाच्या पाण्याला वास व वाईट चव आल्याच्या तक्रारींवरून त्यात मोरचूद टाकण्यात आले आणि त्यानंतर काही दिवसांतच १४८ जण, त्यांतही बहुतांश मुले, उलट्या, यकृताची सूज, रक्ताचे जुलाब आणि मूत्रपिंडाचे विकार यांनी आजारी पडली. सिलिंड्रोस्पर्मोप्सिन हे विष त्यामागे असल्याचे पुढील संशोधनातून पुढे आले. जिवंत पेशीत विषाचा मोठा भाग आतच राहतो, मात्र मोरचुदाने पेशी फुटल्या की तो पाण्यात विरघळतो आणि नेहमीच्या वाळूच्या गाळणीतून सहज पार होतो.

उकळण्याने जंतू मरतात, पण मायक्रोसिस्टिन उष्णतेला दाद देत नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. म्हणूनच २०१४ साली ईरी सरोवराचे पाणी पिणाऱ्या अमेरिकेतील टोलेडो शहरात पाणी उकळूनही पिऊ नये, असा इशारा द्यावा लागला. त्याआधी १९९६ साली ब्राझीलमधील कारुआरू येथे पुरेसे शुद्ध न केलेले जलाशयाचे पाणी डायलिसिससाठी वापरले गेले, हे विष थेट रुग्णांच्या रक्तात उतरले आणि ५२ मृत्यू त्याच्याशी जोडले गेले. पाण्यातील कोलिफॉर्म जंतूंची नेहमीची तपासणी निर्दोष आली, तरी तीवरून या विषांविषयी काहीच कळत नाही.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी भीमेवाटे उजनी जलाशयात उतरते आणि त्याच जलाशयातून सोलापूर शहराला पाणी जाते. सांडपाण्यातील फॉस्फरस व नायट्रोजन, साचलेले पाणी आणि कडक ऊन ही या जीवाणूंच्या वाढीची सगळी सामग्री तेथे एकत्र येते.

तपासणीचा खर्च परवडत नाही, हा आक्षेप येथे टिकत नाही, कारण पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहून धोकादायक प्रजाती ओळखणे व पेशी मोजणे प्रशिक्षित कर्मचाऱ्याला साध्या प्रयोगशाळेतही जमते. पेशींची संख्या वाढताच जलशुद्धीकरण केंद्राने तुरटीने त्या अखंड असतानाच खाली बसवून काढाव्यात, विरघळलेल्या विषासाठी सक्रिय कार्बन वापरावा, क्लोरीन त्यानंतरच द्यावे आणि जागतिक आरोग्य संघटनेने आयुष्यभराच्या वापरासाठी सुचवलेल्या दर लिटरला १ मायक्रोग्रॅम या मर्यादेच्या कसोटीवर मायक्रोसिस्टिन तपासून निष्कर्ष जाहीर करावेत. हे सर्व तातडीचे उपाय झाले. रोगाचे मूळ मात्र नदीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यात आहे, आणि ते सोडणाऱ्या शहरांनी त्यातील फॉस्फरस काढण्याचा भार स्वतः उचलल्याशिवाय नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांचे पाणी सुरक्षित होणार नाही.

– एक वाचक, सोलापूर